तीन दाबांचा ब्रेक

“बाजूक व्हा रे! सगळे बाजूक व्हा! गाडयेक ब्रेक नाय!”

आवाज मालूवयनींचा. गाडीच्या आधी तोच उतारावरून खाली पोचला. या बाईंनी मसुऱ्यात कोंबड्यांना हाक मारली की आचऱ्याच्या कोंबड्या माना वर करतात, अशी आमच्याकडे ख्याती आहे. आणि ती मीच पसरवलेली असली तरी खोटी नाही. मी हातातला पाना टाकून बाहेर धावलो. उतारावरून गोल बोनेटची, दुधाळ रंगाची जुनी गाडी रमतगमत येत होती. तिला घाई अशी नव्हती, पण थांबायचाही काही विचार दिसत नव्हता. आत वयनींचे यजमान दाजी स्टिअरिंग धरून ताठ बसलेले, पालखीत बसावं तसे. शेजारी वयनी खिडकीतून अर्ध्या बाहेर, हातातली बाजाराची पिशवी गरगर फिरवून रस्ता मोकळा करत होत्या. म्हैस बाजूला झाली. टपरीवर चहा पिणारे कपबशीसकट गटारात उतरले. आणि गाडी माझ्या दारातल्या सोडणांच्या ढिगात थेट बोनेटपर्यंत शिरली आणि थांबली.

दाजी उतरले. अंगावरचा काथ्या झटकला आणि मला म्हणाले, “मेस्त्री, पुढचो डावो दिवो जरा बघ मगे. लागना नाय.”

“आणि ब्रेक?”

“ब्रेक आसा. तीनदा मारलो की लागता.”

“मगे तीनदा मारूक काय झाला?”

“दोनदा मारलंय. तिसऱ्याक तुझी सोडणां इली.”

आता हा सोडणांचा ढीग काय, ते सांगायला हवं. नारळ सोलल्यावर जी साल उरते ती सोडणं. लोक ती चुलीत घालतात. मी ती गॅरेजच्या दारात रचून ठेवायचो. माझं गॅरेज मसुऱ्याच्या वाटेवर, उताराच्या अगदी पायथ्याशी. जागा घेतली तेव्हा सगळे हसले होते, की पावसाचं सगळं पाणी तुझ्याच दारात येईल. पाणी आलं, पण पाण्यामागून गिऱ्हाईकही आलं. ज्याचं इंजिन बंद पडे तो उताराच्या वरच अडकायचा, त्याला वरचा गॅरेजवाला धरायचा. ज्याचे ब्रेक गेले तो मात्र कोणाला न विचारता सरळ माझ्याकडे यायचा. उभ्या हयातीत मी जाहिरातीचा एक फलक लावला नाही. गुरुत्वाकर्षण माझं काम करत होतं.

अशा धंद्यात माणसं कसली कसली भेटतात! एक मासळीवाला होता, त्याच्या टेंपोला ब्रेक नव्हते हे त्याला कळायला पावसाळा उजाडावा लागला, कारण तोवर तो नेहमी चढावरच थांबत असे. विजयदुर्गाचे एक भटजी केवळ हँडब्रेकवर कुडाळपर्यंत लग्न लावायला गेले, आणि गाडीतून उतरल्यावर मुलीकडच्यांना म्हणाले, “मुहूर्त चुकणारच नव्हता, मला थांबताच येत नव्हतं.” पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे आमचे दाजी. म्हणून बाकीच्यांना टपरीवर बसवून मी एकट्या दाजींचीच गोष्ट सांगतो.

त्या दिवशी गाडी सोडणांतून ओढून काढली आणि मी आत बसून ब्रेकवर पाय ठेवला. पेडल आधी घट्ट लागलं. पाय तसाच दाबून धरला, तर ते हळूहळू खाली जायला लागलं. भरल्या पोटी दुपारी डोळा लागतो ना, तसं. शेवटी तळाला टेकलं. मी खाली वाकून चारही चाकं पाहिली, पाइप पाहिले. तेलाचा थेंब कुठे गळत नव्हता.

“बघ!” दाजी विजयी मुद्रेने म्हणाले. “तेल गळना नाय. मगे बिघडला काय?”

नेमकं इथेच भलेभले फसतात. तुम्ही ब्रेकचं पेडल दाबता तेव्हा तुमचा पाय चाकापर्यंत पोचत नाही. तो पोचतो एका लोखंडी नळकांड्यापर्यंत. त्याला म्हणायचं मास्टर सिलिंडर. होळीची पिचकारी आठवा. आत एक दट्ट्या, दट्ट्याला रबरी वाट्या. पाय दट्ट्या ढकलतो, दट्ट्या तेल ढकलतो, तेल पाइपातून चार चाकांकडे धावतं आणि चाकं धरतं. आता पिचकारीतलं रबर झिजलं की काय होतं? तुम्ही ढकलता, पण पाणी पुढे जायच्या ऐवजी दट्ट्याच्या कडेने मागे येतं. बाहेर थेंबही सांडत नाही, आणि पुढच्याचा शर्टही भिजत नाही. तसंच हे. भराभर दोन-तीनदा पेडल मारलं की तेल गोंधळून पुढे जातं आणि ब्रेक लागतो. पण म्हैस काही तिसऱ्या दाबापर्यंत थांबत नाही.

मी सिलिंडर उघडला. रबर झिजलेलं होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे आत भिंतीला गंजाचे खड्डे पडले होते. आमच्या खाऱ्या हवेत जिथे माणसाच्या दाढीलाही गंज चढतो, तिथे लोखंडाचं काय? त्यातून ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं आणि ते पाणी आतून सिलिंडर खातं. अशा खड्ड्यांवर नवं रबर घालणं म्हणजे फुटक्या कौलांवर नवा रंग.

“दाजी, हो सिलिंडर गेलो. नवो घालूक होयो. कोल्हापुरासून मागवतंय.”

“नवो?” दाजी असे दचकले, जणू मी त्यांनाच बदलायची गोष्ट काढली होती. “ह्या गाडयेक आजपावत परको पार्ट लागलेलो नाय. एकदा परको पार्ट लागलो की गाडी आपली रवना नाय.”

ही गाडी दाजींनी तरुणपणी मुंबईहून स्वतः चालवत आणलेली. गावात पहिली. तिच्यावर त्यांचा जीव एवढा, की घरात आंब्याची पहिली पेटी फुटली की पहिला आंबा डॅशबोर्डवर. त्यात भर म्हणजे त्यांची एकुलती लेक सुरेखा तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नातू झाला होता. माघात आई आणि बाळाला रेडीला सासरी पोचवायचं ठरलं होतं. सासरी दारात नवीकोरी मोठी गाडी उभी. जावई म्हणत होता, मी येऊन घेऊन जातो. पण लग्नात व्याह्यांनी दाजींच्या गाडीकडे बघून विचारलं होतं, “ही अजून चालते?” तो प्रश्न दाजींच्या छातीत माशाच्या काट्यासारखा रुतून बसला होता.

“माझ्या नातवाक मी माझ्याच गाडयेन व्हरतलंय,” दाजी म्हणाले. “आणि जशी आसा तशाच गाडयेन.”

ते डावा दिवा बघायला पुढे गेले तेव्हा वयनी माझ्याजवळ आल्या. मघाच्या आवाजाचा मागमूस नव्हता.

“मेस्त्री, माझा एकच चेडू आसा रे. हे तेका आणि तेच्या पोराक ह्या डब्यातसून रेडीच्या उतरणीर व्हरतले. मी सांगान सांगान दमलंय. ते माझा ऐकनत नाय, आणि तुझा पण ऐकूचे नाय. पण तू काय ता कर.”

एवढं बोलून त्या गाडीत जाऊन बसल्या. बसताना पिशवी मांडीवर अशी धरली, जणू तिच्यात बाळच होतं. मी खूप बढाया मारतो, पण हे तसंच्या तसं आहे.

त्या दिवशी गाडी माझ्याकडेच राहिली. चार दिवसांनी दाजी परत आले. चेहऱ्यावर तेज.

“मेस्त्री, कौल घेवन इलंय.”

आमच्याकडे लग्न असो, विहीर असो की आंब्याचा करार, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर कळ्या लावतो, प्रश्न घालतो, आणि उजवी कळी पडली की होकार. मीसुद्धा गॅरेजची जागा कौल घेऊनच घेतली होती, त्यामुळे हसायची सोय नव्हती.

“देवान उजवो दिल्यान,” दाजी म्हणाले.

“तुमी इचारल्यात काय पण?”

“‘गाडी बरी होतली मा?’ असा इचारलंय.”

“मगे देव बरोबरच सांगता. बरी होतलीच. पण सिलिंडर जुनो की नवो, ह्या खंय इचारल्यात?”

“तेतूर देवाक कित्याक घालूचा? ता आमी आधीच ठरवलेला.”

देवाचा शब्द मोडायचा नाही आणि दाजींचा मोडत नाही. मी सिलिंडरच्या आतली भिंत बारीक पॉलिश पेपरने घासघासून जमेल तेवढी गुळगुळीत केली, नव्या रबरी वाट्या घातल्या, ताजं तेल भरलं. पेडल पहिल्या दाबाला लागलं. “पण ह्या फार दिवस टिकूचा नाय,” मी बजावलं. तेलाची उरलेली बाटली दाजींच्या हातात दिली आणि सांगितलं, तेल कमी झालं तर हेच घालायचं, दुसरं कसलंही नाही. दाजींनी मान हलवली. दाजींची मान आणि दाजींचा कान यांचा आपसात काही संबंध नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पौष आला. थंडी पडली. आमच्याकडची थंडी म्हणजे सकाळी दोन तास, पण त्या दोन तासांत माणसं अशी कुडकुडतात की काश्मीरवाल्यांनी घोंगडी पाठवावीत. अशा एका सकाळी दाजींचा फोन.

“मेस्त्री, गाडी धरल्यान!”

“कोणी?”

“देवचारान.”

देवचार म्हणजे गावाचा राखणदार. रात्री सीमेवरून फेरी मारतो, चुकल्यामाकल्याला वाट दाखवतो, आणि रागावला तर धरतो. माणसं धरल्याचं मी ऐकलं होतं. गाडी धरल्याचं पहिल्यांदाच. म्हटलं, राखणदारालाही आता चाकं लागली असतील. दाजी म्हणाले, रोज सकाळी गाडी अंगणात खिळते, चारही चाकं दगडासारखी. ऊन फणसावरून खाली आलं की आपोआप सुटते. देवचार रात्रपाळी संपवून जातो, म्हणून.

मी गेलो. खरंच, चार जण मागून ढकलत होते आणि गाडी हलत नव्हती. पुढच्या चाकाशी कोणीतरी देवचारासाठी विडीचं बंडल ठेवलं होतं. त्यातली अर्धी शेजाऱ्यांनी ओढली होती. दाजींची मात्र कळी खुललेली.

“आधी ब्रेक लागा नाय म्हणान तुमी सगळे बोंबलात. आता लागलो तो सुटना नाय! असो ब्रेक खंयच्या गाडयेक आसा?”

मी बोनेट उघडायला निघालो, तेवढ्यात पडवीतून सुरेखाचा आवाज आला, “आये, तेल परत थिजला गो!” बाळाला अंघोळ घालायची वेळ. वयनी स्वयंपाकघरातून आल्या, लेकीच्या हातातली खोबरेलाची बाटली घेतली आणि चुलीच्या कडेला शेकत ठेवली. थंडीत खोबरेल तुपासारखं घट्ट होतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी बाटलीकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग दाजींकडे. दाजींनी फणसाकडे पाहिलं.

मी ब्रेकतेलाच्या डब्याचं झाकण फिरवलं. आत पांढरंशुभ्र, घट्ट, सुगंधी खोबरेल. वरून कोथिंबीर भुरभुरवली असती तर पंगतीत वाढता आलं असतं.

“दाजी!”

“शुद्ध आसा,” दाजी म्हणाले. “आपल्या माडांचा. घाण्यार बसान काढलेला.”

“पण मी दिलेला तेल खंय गेला?”

“ता इख होता, मेस्त्री! एक थेंब बोनेटार पडलो, तर सकाळी थंयसरलो रंग निघान गेलो. लोखंडावरचो रंग खाता ता तेल गाडयेच्या पोटात काय करीत? मी सगळा उपसून काढलंय. म्हटलंय, जा माझ्या नातवाच्या आंगाक चलता, ता गाडयेक चलताच.”

ब्रेकचं तेल रंग खातं, हे खरंच आहे. बाळाला खोबरेल मानवतं, हेही खरं. दोन खऱ्या गोष्टी जोडून दाजींनी असा काही पूल बांधला होता, की त्यावरून त्यांचं अख्खं कुटुंब खाडीत गेलं असतं. कारण त्या रबराला असलं तेल चालत नाही, ते फुगतं. फुगलेल्या वाट्यांनी तेल मागे यायचं बारीक छिद्र बंद केलं, वर थंडीने तेल थिजलं, आणि चाकं धरली ती धरलीच. हे झालं सकाळचं. दुपारच्या उन्हात काय? ते फुगलेलं रबर कधी फाटेल आणि पेडल तळाला जाईल, ते देवचारालाही सांगता आलं नसतं.

हे सगळं मी दाजींना समजावलं. वयनींनी ऐकलं, सुरेखाने ऐकलं, ढकलणाऱ्या चौघांनी ऐकलं. दाजी म्हणाले, “पण देवान उजवो दिलेलो आसा. नवो सिलिंडर लागाचो नाय.”

तेव्हा मला जे सुचलं ते कुठल्या कारखान्यात शिकवत नाहीत. मी म्हटलं, “बरा. देवचार रागावलेलो आसा तर आधी नारळ ठेवया. गाऱ्हाणा घालूया.”

दाजी खूश. माणसं जमली. मी बोनेटवर नारळ ठेवला, हात जोडले. गाऱ्हाणं कसं असतं, हे बाहेरच्यांना सांगतो: एकाने देवाला मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा!” म्हणायचं. हे आमच्या रक्तात असतं. झोपेतल्या माणसाच्या कानात गाऱ्हाणं घातलं तरी तो कुशीवर वळून “व्हय म्हाराजा” म्हणतो.

“बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां ह्या गाडयेकडे जमलेली आसत...”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या दाजीन तुझो कौल घेतल्यान, आणि तू गाडी बरी होतली म्हणान उजवो दिलंस...”

“व्हय म्हाराजा!” दाजी सगळ्यांत मोठ्याने.

“ती बरी करूक जो काय नवो सिलिंडर कोल्हापुरासून येवचो आसा, तो सुखरूप येवंदे...”

“व्हय म्हाराजा!”

“जुनो सिलिंडर दाजी आपल्या हातान बाजूक ठेवतलो, तेचा तू बरा मानून घे...”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या घरातला खोबरेल पोराच्या आंगाक लागात, बायलमाणसाच्या केसांक लागात, पण हेच्या म्होरां गाडयेच्या पोटात जावचा नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

नारळ फुटला. दाजींचे हात जोडलेले तसेच होते, पण ओठ हळूहळू उघडे पडत गेले.

“ह्या बरोबर झाला नाय, मेस्त्री.”

“देवासमोर व्हय म्हटलात,” वयनी पाठीमागून म्हणाल्या. “आता नाय म्हणान दाखवा.”

दाजींनी दाखवलं नाही.

कोल्हापुराहून सिलिंडर एसटीतून आला. जुन्या गाडीचा नवा पार्ट मिळवणं म्हणजे हरवलेला नातेवाईक शोधण्यासारखं. चार दुकानं ‘नाही’ म्हणतात, पाचवा फडक्याखालून काढतो. आता सांगतो ते काम मला अजूनही प्रिय आहे, म्हणून जरा सोसा. नवा सिलिंडर तसाच नेऊन बसवायचा नाही. आधी टेबलावरच्या पकडीत धरून त्यात तेल भरायचं, दट्ट्या हळूहळू ढकलून पोटातली हवा काढायची. खोबरेल प्यायलेलं चाकांचं रबर सगळं फेकायचं, पाइप धुऊन काढायचे. पेडलच्या दांडीला केसभर सैलपणा ठेवायचा; नाही ठेवला तर ब्रेक कायमचा घासत राहतो. आणि शेवटी चारी चाकांतली हवा काढायची. तेल दाबलं तर दबत नाही, हवा दबते, म्हणून पाइपात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल भिजल्या पावासारखं लागतं. यासाठी दोघं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली पडून चाकाची बारीक तोटी सोडायची, बुडबुडे गेले की बंद करायची, मग वरच्याने पाय उचलायचा. दाब, धर, सोड. इतकं साधं.

पेडलवर दाजी बसले. मी खालून ओरडलो, “दाबा! धरा!” वरून आवाज आला: धप, धप, धप.

“एकदाच, दाजी!”

“एकदाच मारलंय.”

“तीनदा मारलात!”

“ता एकदाच. तीन दाबांचा एकदा.”

अर्धं तेल माझ्या तोंडावर आल्यावर वयनींनी दाजींना उठवलं आणि बाळ आजोबांच्या हातात देऊन सुरेखा पेडलवर बसली. मी म्हटलं दाब, तिने दाबलं. धर म्हटलं, धरलं. एवढी शांत, की मी खाली पडल्या पडल्या विचारलं, “गो बाय, ह्या तुका कोणी शिकयला?”

“बाबांका बघून,” ती म्हणाली. “ते करतत ता करूचा नाय, इतक्याच शिकलंय.”

माझा एक नियम होता. ज्या गाडीचे ब्रेक मी केले, तिच्या पहिल्या उतारावर मी मालकाशेजारी बसायचो. मेस्त्रीचा स्वतःच्या कामावर विश्वास आहे की नाही, हे त्याच्या बिलावरून कळत नाही, तो कुठे बसतो त्यावरून कळतं. तर आम्ही निघालो. उताराच्या मध्यावर मी म्हटलं, “आता दाबा.” दाजींनी दाबलं. नवा सिलिंडर, नवं रबर! गाडी अशी थांबली की माझं कपाळ काचेला जाऊन भेटलं. मी सावरतो तोच दुसरा दाब: दाजींचा चष्मा डॅशबोर्डवर, पहिल्या आंब्याच्या जागी. तिसरा दाब: मागून येणारा मासळीवाला आमच्या डिकीला येऊन टेकला आणि त्याच्या टोपलीतले बांगडे रस्त्यावर परत जिवंत झाल्यासारखे उडाले.

“फस क्लास लागता,” दाजी म्हणाले. “तिन्ही येळा.”

सिलिंडर बदलता येतो. पाय बदलता येत नाही. त्याचं किट कोल्हापुरातही मिळत नाही. पुढचे कितीतरी दिवस दाजी सकाळी माझ्या उतारावर सरावाला येत आणि मी बाजूला उभा राहून ओरडत असे, “एकदाच!” टपरीवरचे लोक चहा घेऊन वेळेवर जमत. एकदाही एकदाच झालं नाही. कधी कधी वयनी नातवाला कडेवर घेऊन यायच्या, गाडी तीनदा गचके खाताना बघायच्या, बाळाच्या मानेमागे हात धरायच्या आणि निघून जायच्या. मी गाडी सुरक्षित केली होती, आणि आता त्या गाडीत सगळ्यांत धोक्याचा पार्ट गाडीचा मालक होता. माघ तोंडावर आला होता. मी जावयाला बोलवायचं सुचवून पाहिलं. दाजी आठवडाभर सरावालाच आले नाहीत.

पोचवायचा दिवस उजाडला. मी मुद्दाम गॅरेजच्या दारात उभा राहिलो नाही. सोडणांचा ढीग मात्र जरा उंच करून ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी दाजी टपरीवर हजर. खुर्ची ओढली, चहा सांगितला, आणि आवाज असा लावला की उताराच्या वरच्या गॅरेजवाल्यालाही ऐकू जावा. रेडीच्या उतरणीवर, ऐन वळणावर, खनिजाचा भला मोठा डंपर रस्त्यात आडवा! पुढे डंपर, डावीकडे दरी, मागे सरळ उतार. “मगे?” सगळे म्हणाले. “मगे काय? ब्रेक एकदाच दाबलो! एकदाच! गाडी डंपराच्या समोर अशी उभी रवली, मधी एक शहाळा मावात इतकी जागा. पोर उठला सुद्धा नाय!” व्याही स्वतः वाटेवर आले म्हणे, गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, चालते की अजून.

मला भरून आलं. सांगायला लाज वाटत नाही. आजकाल गाडी बिघडली की अख्खा डबा काढतात, नवा डबा लावतात, मोबाइलवर फोटो पाठवतात. आत दट्ट्या कसा सरकतो, ते बघायला कोणी वाकत नाही. मी गॅरेज बंद केलं तेव्हा कोणी विचारलंही नाही की त्या पकडीचं काय केलंस. पण त्या दिवशी एक बाळ डंपरसमोर झोपेतून उठलं नव्हतं, आणि त्यात माझ्या हाताचा वाटा होता. मी लगेच गोष्ट हाती घेतली. संध्याकाळपर्यंत मी एका डंपराचे दोन केले, दरी खोल केली, आणि शहाळ्याच्या जागी सुपारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाजारातून परत जाताना वयनी गॅरेजवरून गेल्या. मी दारातूनच ओरडलो, “वयनी, मी काय म्हणा होतंय? आमच्या दाजींच्या पायाक शेवटी वळण लागला!”

वयनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“ते मागे बसले होते, पोराक घेवन,” त्या म्हणाल्या. “गाडी सुरेखान चलयली.”